वेचून टाकलेला भात

तांदूळ निवडायला बसले की अजूनही माझे हात मध्येच थांबतात. खडा काढायला काही वाटत नाही, पण एखादा तांबूस, बारका दाणा आला की तो चिमटीत धरून मी बसून राहते. मग शेजारी बसलेली यादम्मा तेलुगूत पुटपुटायला लागते. तिचं म्हणणं एवढंच, की शंभर पोरींचा भात शिजायचाय, बाईमाणसानं असं दाण्याकडं बघत बसू नये. खरंय तिचं. हैदराबादच्या या हॉस्टेलात मी कैक वर्षं पोळ्या लाटते. मालक, म्हणजे माझा नवरा, वारल्यावर परक्या गावात मी उघड्यावर पडले होते, तेव्हा इथल्या मॅडमनी मला खोली दिली, दोन वेळचं अन्न दिलं, आजारी पडले तर दवाखान्यात नेलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. म्हणून काम चुकवायची मला भीती वाटते, गॅस बंद केला की नाही हे मी तीनतीनदा बघते, पीठ संपायच्या आधी चार दिवस माझी झोप उडते. पण तो तांबूस दाणा मात्र कुणाच्याही भीतीनं टाकवत नाही. तो मी पदराच्या गाठीत बांधते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि आईच्या कपाळी जे आलं, ते सगळं असल्याच दाण्यांपायी.

आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या अगदी पश्चिमेला, आहुप्याच्या अलीकडं. वीसेक घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा गिलावा. पावसाळ्यात चार महिने धुकं घरात येऊन बसायचं, चुलीजवळचे कपडे सोडून काही वाळायचं नाही. आमचं घर एकत्र होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि चुलते मिळून डोंगरउतारावरची खाचरं करायचे. आई आणि हिरा काकी, दोघी जावा, आळीपाळीनं चुलीपुढं. सकाळी जाग यायची ती उखळातल्या मुसळाच्या आवाजानं. आई कांडायची तेव्हा आवाज सावकाश आणि खोल यायचा, काकी कांडायची तेव्हा भरभर, जणू कुणावर राग काढतेय. डोळे न उघडता मला कळायचं आज कुणाची पाळी आहे ते. जेवायला नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, ओढ्यातली चिंबोरी मिळाली तर तिचं कालवण. आणि तांबड्या भाताची पेज. त्या पेजेला वास होता, पहिल्यांदा भाजलेल्या मडक्यासारखा. इथं एवढा तांदूळ शिजतो, पण तसा वास कधी आला नाही.

तो तांबडा भात आईच्या माहेरचा. आई जुन्नरच्या अंगाची, नाणेघाटाकडची. आमच्यात रीत अशी, की लग्न होऊन येणारी पोरगी ओटीत माहेरच्या भाताची एक मूठ घेऊन यायची, आणि पहिल्या पेरणीला ती मूठ घरच्या बियात मिसळली जायची. त्यामुळं आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेर आमच्या खाचरात उभं असायचं. कुणाचा भात उंच, कुणाचा बुटका, कुणाचा लवकर येणारा हळवा, कुणाचा दिवाळीपर्यंत हिरवाच राहणारा गरवा. आईच्या भाताचं टरफल काळपट-तांबूस, दाणा बारीक, आणि टोकाला बोटभर लांब कुसळ. हिरा काकी खालच्या घोडेगावच्या बाजूची, पाण्याच्या गावातली. तिचा भात पांढरा, टपोरा, पण गरवा. काकीनं आईच्या भाताला नाव ठेवलं होतं, मिशाळ. कापणी आली की म्हणायची, "जाऊबाई, आली बगा तुमच्या म्हायेरची मिशाळ मंडळी. बसायला घोंगडी टाका."

आई हसायची. म्हणायची, "मिशा हायेत म्हणून तर डुक्कर तोंड लावीत न्हाई. तुज्या गोऱ्या पावण्यांलाच खातंय."

बी धरायचं काम आईकडं होतं. कापणीच्या दिवशी ती खाचरातून वरपासून खालपर्यंत चालायची आणि हाताला लागतील त्या लोंब्या घ्यायची. बांधाजवळच्या, मधल्या, सावलीतल्या, पाणी साचतं तिथल्या, खडकावरच्या खुरटलेल्यासुद्धा. घेताना लोंबीकडं बघायचं नाही, नजर समोर ठेवायची. मी एकदा विचारलं, "आई, चांगल्या चांगल्या का घेत न्हाईस?" तर म्हणाली, "चांगलं कुठलं, ते औंदा कळतंय व्हय? ते पुढल्या सालाला ठावं." आणखी एक कडक रीत होती. बी उसनं द्यायचं नाही, फुकट घ्यायचं नाही. बी पाहिजे तर मुठीला मूठ द्यायची. नाहीतर दोन्ही घरांचं बी रुसतं, असं म्हणायचे.

त्या साली काकीचे भाऊ आमच्याकडं पाहुणे आले. आईनं मन लावून तांबडा भात रांधला, वर चिंबोरीचं कालवण. पाहुण्यांनी ताटाकडं बघितलं आणि एकमेकांकडं बघितलं. काकी घाईघाईनं म्हणाली, "दादा, ह्यो आमचा नव्हं. जाऊबाईंच्या म्हायेरचा हाय. आपल्याकडं असला ढोरांला घालत्यात, म्हाईत हाय मला. पन काय करता?" सगळे हसले. आबाही हसले, कसनुसे. आई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती वळली नाही. चुलीत लाकूड सारायची काही गरज नव्हती, तरी तिनं ते सारलं. मी बारा-तेरा वर्षांची असेन. ते सारलेलं लाकूड माझ्या मनातून गेलं नाही.

त्याच वर्षी शाळेत गुरुजींनी बियाण्याचा धडा शिकवला होता. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, तरंगेल ते काढायचं. चांगलं बी एकसारखं, टपोरं, निर्मळ असतं. गुरुजींचं काही चुकलं नव्हतं. धरणाखालच्या, पाटाच्या पाण्यावरच्या खाचरांना ते बरोबरच असेल. मला मात्र त्यात आईची सुटका दिसली.

वैशाखात बी ऊन दाखवायला अंगणात काढतात. आई आणि काकी माझ्या धाकट्या भावाला घेऊन दुपारी सरपणाला जायच्या, आबा आणि चुलते राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, पालापाचोळा गोळा करायला. घरी मी एकटी. आठ-दहा दुपारी मी सूप घेऊन बसले. कुसळाचा दाणा दिसला की बाजूला, काळपट की बाजूला, बारीक की बाजूला. डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांना कुसळं टोचायची, पण मला वाटायचं मी आईच्या अंगावरचं एकेक कुसळ काढतेय. काढलेलं सगळं थोडं कोंबड्यांना घातलं, उरलेलं उकिरड्यात पुरलं. माप कमी भरू नये म्हणून खाण्याच्या कणगीतले पांढरे टपोरे दाणे वेचून त्यात मिसळले. शेवटच्या दुपारी ते बी असं दिसत होतं, जणू एकाच लोंबीतून झडलेलं. मी कुणाला बोलले नाही. मला भात उगवून आल्यावर सगळ्यांना चकित करायचं होतं.

पेरणीच्या सकाळी आईनं कणगीत हात घातला. मूठ बाहेर काढली, उघडली, आणि तशीच उभी राहिली. मग तिनं उकिरड्याकडं बघितलं. वळवाचे दोन शिंतोडे पडून गेले होते, आणि उकिरड्याच्या कडेला हिरवे कोंब दाट वर आले होते, कोंबड्या त्यांच्यावर ताव मारत होत्या. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी हसले.  राब तयार होता, आबा हाक मारत होते. तिनं टोपली डोक्यावर घेतली.

भात उगवला तो देखणा. गौरी-गणपतीला खाचराच्या बांधावर उभं राहिलं, की एका उंचीचा हिरवा गालिचा. येणारेजाणारे थांबायचे. काकी म्हणाली, "औंदा लई सरळ आलाय, राव. कातरीनं कापल्यावानी." आबांनी मिशीवर हात फिरवला. शेजारच्या सगळ्या खाचरांत नेहमीसारखी उंचसखल खिचडी, कुठं पिवळं पडायला लागलेलं, कुठं हिरवं. तिथला हळवा भात गणपती उठल्यावर वाकायलाही लागला. आमचा अजून पोटरीत होता, लोंबी बाहेर पडली नव्हती. मी रोज शाळेत जाताना वाकडी वाट करून त्याला बघायला जायचे.

मग पाऊस गेला. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं. हस्ताचा तरी येईल म्हणून सगळे आभाळाकडं बघायचे, तो गडगडला नाही की पडला नाही. उतारावरची खाचरं ती, पाणी धरणार किती? आठ दिवसांत तळाला भेगा पडल्या, पाऊल जाईल एवढ्या. आमच्या भाताच्या लोंब्या कशाबशा बाहेर आल्या, पण त्यांत दूध भरलंच नाही. भरलेली लोंबी वाकते. आमची सगळी लोंबी ताठ उभी होती, सरळ, कातरीनं कापल्यासारखी. वारा आला की नुसता खुळखुळ आवाज. आईनं एक लोंबी दाताखाली धरली आणि थुंकली. वाडीतल्या इतरांचंही नुकसान झालं, पण त्यांच्या खाचरात हळवं होतं, बुटकं होतं, मिशाळ होतं. कुणाचं निम्मं आलं, कुणाचं त्याहून कमी, पण आलं. आमच्या खळ्यावर मळणीला बैल फिरवावेत एवढंही काही आलं नाही.

हे लिहिताना मला सुष्मिता आठवते. ओडिशाची पोरगी, हॉस्टेलातच राहते, भातावर काहीतरी मोठं शिकतेय. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं पोळीचा घास तसाच हातात धरला. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या आईच्या शेतात दरवर्षी थोडं काही मरायचं आणि थोडं काही उरायचं. कोरड्या साली एक उरायचं, ओल्या साली दुसरं. म्हणून सगळं कधीच मेलं नाही." मी विचारलं, "कोण ठरवतं मग, काय उरायचं ते?" ती म्हणाली, "कुणीच नाही. ते ते साल ठरवतं." त्या दिवशी माझ्या पोळ्या करपल्या. पन्नास वर्षांपूर्वी सालानं ठरवायच्या आधी मी ठरवलं होतं, एवढंच मला कळलं.

खायचं कसंतरी निभलं असतं. नागली थोडी होती, कंदमुळं होती. प्रश्न बियाचा होता. पोचट दाण्यातून काही उगवत नाही. बी मागायला जावं, तर मुठीला मूठ द्यायला आमच्याकडं मूठ नव्हती. आबा दोन घरी जाऊन रिकामे आले. कुणी वाईट बोललं नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, रीत म्हाईत हाय तुमाला."

आमच्या वाडीला लहानशी देवराई आहे. आहुप्याच्या राईएवढी मोठी नाही, पण नियम तेच, आतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. राईच्या तोंडाशी झऱ्याखाली घोंगडीएवढं एक खाचर. लावणी संपली की प्रत्येक घर उरलेल्या रोपांतली एक मूठ तिथं लावायचं. देवाचा भात. तो कुणी निंदायचा नाही, कापायचा नाही. पिकायचा, गळायचा, आपोआप उगवायचा. वर्षानुवर्षं तिथं सगळ्या घरांचा भात लागला होता, पण पांढरा टपोरा तिथं कधी टिकलेला मी बघितला नाही. डुकरं, पाखरं, तण, वरून पाऊस कधी असा कधी तसा. उरला होता तो मिशाळ. त्या कोरड्या सालीसुद्धा तो पिकून वाकला होता.

आई एका सकाळी आंघोळ करून, कोरडं लुगडं नेसून तिथं गेली. देवापुढं नाक घासलं आणि ओटीत मावेल तेवढा भात घेऊन आली. लपवून नाही, भर वाडीतून चालत. दुपारपर्यंत सगळे आमच्या अंगणात जमले.

वाडीतला जाणता म्हणून म्हादबा बोलला. "वयनी, हे काय केलं तुमी? देवाचं घरात आणलं?"

"आणलं," आई म्हणाली. "पुढल्या सालाला पयली मूठ देवाची. दुप्पट देईन."

"देव काय सावकार हाय का, दुप्पट घ्यायला?"

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "पन समद्यांचं थोडं तरी पिकलं. ह्यांचंच कसं बुडालं? बियातच कायतरी केलं असंल."

काकी ओसरीवर उभी होती. तिनंही विचारलं, रागानं नाही, खरंच समजत नव्हतं तिला. "जाऊबाई, तुमचं मिशाळ कुठं गेलं हो? औंदा एक लोंबी दिसली न्हाई."

मी दाराच्या आड होते.  आता मला बाहेर यायचं होतं. दोन पावलं होती फक्त. आईनं मान वळवली आणि दाराकडं बघितलं. त्या नजरेत हाक नव्हती. तिथंच थांब, असं होतं.

"मीच येचून टाकलं," आई म्हणाली. "माज्या म्हायेरचं. लोकं हसत्यात म्हणून."

 काकी खाली बघायला लागली, पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. म्हादबा बराच वेळ दाढी खाजवत बसला. शेवटी ठरलं, की आणलेलं बी परत न्यायचं नाही, देवाघरचं एकदा बाहेर आलं ते आलं. पण आईनं राईच्या उत्सवाला पाच वर्षं पाऊल टाकायचं नाही. मी दाराआडच राहिले. तिथंच उभी राहिले, ती आजपर्यंत.

ओटीभर बियात एकच खाचर लागलं. बाकीची पडीक राहिली. सगळं रान पुन्हा भरायला तीन-चार वर्षं जाणार होती, तोवर खाणारं एक तोंड कमी करायचं होतं. सातवीची परीक्षा झाली आणि मला येडगावच्या एका बागायतदाराकडं कामाला ठेवलं. माणसं चांगली होती, पोटभर जेवायला घालायची, मी त्यांची ऋणी आहे. तिथं धरणाचं पाणी, बारमाही हिरवं, पाऊस चुकला तरी कुणाच्या तोंडचं पाणी पळायचं नाही. मला मात्र भाद्रपद आला की धडकी भरायची. तिथूनच पुढं लग्न झालं, आणि मालकांच्या मागून हिकडं आले. निघताना आईनं एक पुरचुंडी दिली होती. आत घरोघरी मुठीला मूठ देऊन पुन्हा जमवलेले भाताचे दाणे, काळपट, पांढरे, आखूड, लांब. म्हणाली, "कुठं लावायला मिळालं तर लाव. आन ठके, यातलं काय येचू नगं."

एवढंच ती आयुष्यात त्याबद्दल बोलली. मी लावलं कुठंच नाही. शहरात कुठं लावणार? पत्र्याच्या डबीत ठेवलं. मी गावी फार कमी गेले, गेले तेव्हाही आईशी बोलायचं धाडस झालं नाही. ती गेली तेव्हा मी इथं होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गेला पावसाळा सरता सरता सुष्मितानं डबीतले दाणे मागितले, ओल्या कागदात ठेवून बघितले. पंधरा दिवस रोज सकाळी मी तिच्या खोलीच्या दाराशी जायचे. एकालाही कोंब आला नाही. "खूप वर्षं झाली, मावशी," ती म्हणाली, जशी काही तिचीच चूक होती. मग म्हणाली, "तुमच्या गावात कुणाकडं असेल का थोडं?"

धाकट्या भावाचा मुलगा नवनाथ घोडेगावपर्यंत टेम्पो चालवतो. मी त्याला फोन केला. म्हणाला, "आत्या, आता कोण घरचं बी धरतंय? दुकानातनं पिशवी आणायची, मोप पिकतंय. एकसारखं." मी राईतल्या खाचराचं विचारलं. तो म्हणाला तिकडं आता कुणी लावत नाही, पण बघून सांगतो. दोन दिवसांनी तिथूनच त्याचा फोन आला. झऱ्याचा आवाज येत होता.

"गवत हाय नुसतं, आत्या. कुसळाचं."

"काळपट हाय का?"

"हाय. तांबडं-काळं."

जे पन्नास वर्षं बोलले नव्हते ते तोंडातून निघालं. "नवनाथ, तुज्या आजीनं येचलं नव्हतं रं ते बी. मी येचलं व्हतं. मी."

 मग म्हणाला, "कसलं बी, आत्या? मला त्यातलं काय म्हाईत न्हाई. आज्जी कधी बोलली न्हाई. म्हादबा, हिरा आज्जी, समदी गेली की आता." त्याचा आवाज मऊ होता, म्हाताऱ्या माणसाशी बोलावा तसा. "उपटू का मूठभर? एसटीच्या डायव्हरकडं देतो, येईल पुण्यापर्यंत."

सुष्मिता समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी डबीकडं बघितलं. मुठीला मूठ द्यायला आजही माझ्याकडं काही नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "हात लावू नको. लोंबी वाकलीय का, तेवढं सांग."

"थांब." पायाखाली पालापाचोळा वाजला. झरा जवळ आल्यासारखा वाटला.

"वाकलीय, आत्या. पार पाण्याला टेकलीय."